‘आत बोलू’ म्हणणारा ग्रुप

आमच्या भाऊजींना कुणाचा धक्का लागला तर ‘माफ करा’ तेच म्हणतात. ताई याला चांगुलपणा म्हणते, मी भिडस्तपणा म्हणते, आणि आम्हा बहिणींचं यावरून तिच्या लग्नापासून वाजत आलं आहे. ती दोघं खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. मी इस्पितळात परिचारिका आहे. दुखतं तिथेच दाबून ‘इथे का?’ असं विचारायचा आमचा धंदा, त्यामुळे गोलगोल बोलणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा येतो. तरी भाऊजी मला आवडतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फोनवर बसतात. लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि आतलं बटण दाबलं, की जो आवाज येतो तो यांचा. मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्या माणसाला घाबरू द्यायचं नाही, एवढंच काम. दिसायला सोपं, पण तासभर कोंडलेल्या माणसाच्या शिव्या खाऊन ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणत राहायला पोटात फार जागा लागते. एक गृहस्थ तर सुटल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसात आले होते. फोनवर शिव्या कुणाला दिल्या ते त्यांना बघायचं होतं.

या माणसाला नाद एकच, चावीच्या जुन्या घड्याळांचा. स्वतःची घड्याळं कपाटाच्या एका खणात मावतील इतकी बेताची, पण नजर तयार. इंटरनेटवर अशा शौकिनांचा एक मोठा ग्रुप आहे. तो ज्यांनी सुरू केला त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते; घड्याळ कसं पारखायचं हे ग्रुपातल्या सगळ्यांना त्यांनी शिकवलं म्हणून मास्तर. भाऊजींना त्यांनीच ॲडमिन केलं. त्या दिवशी ताईने शेजारीपाजारी असं सांगितलं, की लोकांना वाटलं यांना कंपनीत बढती मिळाली.

ग्रुपचे नियम भाऊजींनी लिहिले. किंमत चारचौघांत विचारायची नाही. काटे तबकडीवरचं नाव झाकणार नाहीत असा फोटो काढायचा. कुणाचं घड्याळ नकली दिसलं तरी तसं तोंडावर म्हणायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम ‘आत बोलू’चा. नव्या माणसाने घरातलं जुनं घड्याळ दाखवलं आणि खाली एखाद्या जाणत्याने ‘आत बोलू’ असं लिहिलं, म्हणजे खासगी मेसेजमध्ये बोलू, की बाकीच्यांनी तिथे एक अक्षरही लिहायचं नाही. वडिलांची आठवण म्हणून कुणी घड्याळ आणतो, ते नकली निघालं तर हजारो लोकांसमोर त्याचा पचका का करायचा, असा भाऊजींचा विचार. विचार चांगलाच होता, मीही मान्य करते. एखादा नवखा मध्येच काही बोललाच, तर भाऊजी लगेच लिहीत, ‘मास्तर बोलताहेत ना, आपण थांबू या.’ आणि हात जोडल्याचं चिन्ह.

‘दिवसभर लोकांना आतून बाहेर काढता आणि संध्याकाळी पुन्हा आत ढकलता,’ असं मी एकदा त्यांना चिडवलं होतं. ते खूप हसले. माझ्या बोलण्याचा त्यांना कधी राग येत नाही, हाच माझा मोठा वैताग आहे.

मग एके दिवशी चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी फोटो टाकला. वडील मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते, त्यांचं हे घड्याळ. काळी तबकडी तपकिरी पडली होती. धाकटा भाऊही जहाजावर असतो, तो सुट्टीवर येतोय, त्याच्या हातात वडिलांचं घड्याळ घालायचं आहे, तर तबकडी पुन्हा काळी रंगवून मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

भाऊजी तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात चहा घेत होते. फोटो बघून ते कप खाली ठेवायचेच विसरले. मग त्यांनी मला समजावलं, की काही जुन्या घड्याळांचा काळा रंग उन्हाने असा एकसारखा चॉकलेटी होतो. सगळ्यांचा होत नाही, क्वचित एखाद्याचा होतो, आणि शौकीन त्यासाठी जीव टाकतात. रंगवलं की सगळं मातीत. ‘रंगवू नका’ असं ते लिहायलाही लागले होते. तेवढ्यात खाली मास्तरांचं आलं, ‘आत बोलू.’ भाऊजींनी आपलं लिहिलेलं पुसलं. मी म्हटलं, अहो, पाठवा की. तर म्हणाले, मास्तर सांगतील, माझ्यापेक्षा नीट सांगतील.

नंतर एका रविवारी दुपारी त्या बाईंचा भाऊजींना मेसेज आला. ॲडमिन म्हणून आभार मानायला. तुमचा ग्रुप फार सभ्य आहे, मास्तरांनी किती आपुलकीने सगळं समजावलं, तबकडी कुजली आहे, दुरुस्ती होणार नाही, पण सुट्या भागांसाठी ते घड्याळ ठेवून घेतील आणि त्या पैशांत भावाला नवं घेता येईल. उद्या पार्सल करते आहे.

भाऊजी वर आले ते फोन पुढे धरूनच. आधी म्हणाले, मास्तरांची नजर चुकली असेल. ही नजरचूक नव्हे ते त्यांना कळलं होतं, फक्त तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्यांनी मास्तरांना अगदी अदबीने विचारलं, की तबकडी उन्हाने बदललेली वाटते, आपण पुन्हा एकदा बघाल का. उत्तर लगेच आलं. आतलं बोलणं बाहेर विचारू नये हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, असं मास्तरांनी लिहिलं होतं. पुढे होतं, ‘इतकी वर्षं तुम्ही अंगण शांत ठेवलंत म्हणून हे सगळं जमत आलं. त्याची जाणीव आहे मला. या वेळी तुमच्यासाठीही एक छानसं घड्याळ पाठवतो.’

भाऊजींनी ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाले, ‘जमत आलं म्हणजे, सिस्टर, हे पहिलं नव्हे.’ इस्पितळामुळे ते मला सिस्टरच म्हणतात.

मला संताप आला होता. मास्तरांचा आला तितकाच भाऊजींचाही. पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून मी सरळ कामाचं बोलले: त्या बाईंना फोन करा, पार्सल थांबवा, विषय संपला. ग्रुपात बोंब कशाला? त्यांची संध्याकाळ त्या ग्रुपावर जात होती, सगळे मित्र तिथेच होते, हे मला माहीत होतं.

‘त्यांचं घड्याळ वाचेल,’ भाऊजी म्हणाले. ‘पण मीसुद्धा आतच बोललो, असं होईल.’

त्यांनी माझ्या टेबलाशी बसून लिहिलं. बाईंच्या फोटोखाली, मास्तरांच्या ‘आत बोलू’च्या बरोब्बर खाली. ‘मास्तरांचा मान ठेवून लिहितो. ही तबकडी कुजलेली नाही. उन्हाने तिला हा रंग आला आहे आणि जाणकार नेमका हाच शोधत असतात. घड्याळ दुरुस्त होऊ शकतं. तबकडी रंगवू नका, आणि सुट्या भागांसाठी म्हणून कुणालाही देऊ नका.’

मला वाटलं होतं आता गदारोळ होईल. काहीच झालं नाही. लोक वाचत होते, वाचणाऱ्यांचा आकडा वाढत होता, पण एकाने एक शब्द लिहिला नाही. वर्षानुवर्षं भाऊजींनीच त्यांना गप्प बसायला शिकवलं होतं, आणि शिकवणी पक्की झाली होती. बऱ्याच वेळाने एका जुन्या सभासदाने भाऊजींचाच नियम त्यांच्या बोलण्याखाली आणून चिकटवला. वर नमस्काराचं चिन्ह.

मग तिथे खाली त्या बाईंनीच लिहिलं. ‘पार्सल अजून दुकानातच आहे, पाठवत नाही. पण एक विचारते. हे तुम्हाला फोटो बघितला त्याच दिवशी माहीत होतं?’

मी घाईघाईने म्हटलं, लिहा की तेव्हा फोटोत नीट दिसलं नव्हतं. होय, मीच म्हटलं, गोलगोल बोलणाऱ्यांचा जिला कंटाळा येतो ती मी. भाऊजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘हो. त्याच दिवशी,’ असं लिहिलं आणि पाठवलं.

या वेळी बाईंनी आभार मानले नाहीत. मानावेत असं त्यात काही नव्हतंही. पण खाली दुसऱ्याच कुणी तरी लिहिलं, काही वर्षांपूर्वी आजोबांचं खिशातलं घड्याळ दाखवणाऱ्या एका बसचालकाने. ‘माझ्या वेळीसुद्धा?’ त्याच्याखाली आणखी एक जण. मग एक बाई, नवऱ्याच्या घड्याळाबद्दल. आता कुणी आत येऊन विचारत नव्हतं, सगळे तिथेच, सगळ्यांदेखत विचारत होते. भाऊजी एकेकाचा जुना फोटो शोधायचे, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि उत्तर द्यायचे. तुमचं खरंच बिघडलेलं होतं. तुमच्या वेळी मला कळलं नव्हतं. तुमच्या वेळी कळलं होतं. ताई दोनदा जेवायला बोलवून गेली, तिसऱ्यांदा आली ती माझ्या शेजारी बसूनच राहिली.

एका उत्तराच्या मध्यातच पान बंद झालं. तुम्ही या ग्रुपचे सदस्य नाही, असं आलं. भाऊजींनी दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला, मग फोन टेबलावर ठेवला.

ते उत्तर ‘माझ्या वेळीही तुम्हाला कळलं होतं?’ असं विचारणाऱ्या एका आजीबाईंना द्यायचं होतं. त्या कुठे राहतात हे भाऊजींना माहीत नाही, आणि ग्रुपाबाहेर त्यांना गाठायची दुसरी वाट नाही. काय लिहीत होतात, असं मी विचारलं. ‘हो’ लिहीत होतो, म्हणाले.