एका वर्षाची एसएसडी

मंदीत आमच्या दुबईच्या ऑफिसातली निम्मी माणसं घरी गेली आणि मी राहिलो. का राहिलो, हे मला कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता कशी ती नाही. अल मनखूलच्या भाड्याच्या घरात मी भिंतीला एक खिळा ठोकू दिला नाही. टीव्हीचं खोकं पलंगाखाली जपून ठेवलं, उद्या निघावं लागलं तर असावं म्हणून. बायको म्हणायची, "अहो, मंदी संपून किती वर्षं झाली!" संपली असेल. मला कुठे कुणी कळवलं होतं?

खरेदीतही तेच. तवा असो की पंखा, दुकानातला सगळ्यात स्वस्त माल माझा. वर्षभर टिकला की बास, पुढचं कुणी पाहिलंय.

नववीतल्या मुलीचा लॅपटॉप रडतखडत सुरू व्हायचा. तोवर माझा चहा पिऊन व्हायचा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, पळायला लागेल, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. शुक्रवारी मुलीला घेऊन बर दुबईतली कॉम्प्युटरची दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने दोन डब्या पुढे ठेवल्या.

"भाईसाब, ये अच्छावाला, पाच साल वॉरंटी. ये सस्तावाला, एक साल."

"फरक ऐंशी दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये," मी मोठ्याने म्हणालो. पैशांचं काही नव्हतं, तेवढे एका जेवणात जात. पण पाच वर्षं! माझा व्हिसा दोन वर्षांचा आणि ही एवढीशी वस्तू पाच वर्षांच्या गोष्टी करतेय, याचा मला चक्क राग आला.

"सस्तावाला दे दो. खलास."

वाटेत मुलगी ती डबी उलटसुलट करून वाचत होती. महागडी हवी होती म्हणून रुसली असेल, असं मला वाटलं.

"अगं, हीपण फास्टच असते."

"दॅट्स नॉट इट, बाबा. आर वी गोइंग बॅक? आय हॅव टु टेल माय फ्रेंड्स."

"कुणी सांगितलं तुला?"

"नोबडी. यू टुक द वन-इयर वन."

उद्या शाळेला सुट्टी आहे का, असं विचारावं तितक्या सहज तिने विचारलं होतं. मला फार वाईट वाटलं. कुठेही जात नाही आहोत, असं मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. "ओके," ती म्हणाली. माझ्यावर तिचा विश्वास बसला नव्हता.