सकवारबाईंच्या पंगतीतला जंटलमन

चेन्नईत एग्मोरला आमच्या शेजारी सकवारबाई राहतात. त्यांच्या फाटकावर इंग्रजी पाटी आहे: वरची खोली भाड्याने मिळेल, फक्त जंटलमनसाठी. पाटी त्यांचे यजमान तुळजाजी यांनी स्वतः रंगवली होती. आता ते नाहीत, पण पाटीला हात लावायची कुणाची टाप नाही.

आमच्या या शहरात जंटलमन हा शब्द फार स्वस्त झालाय. शर्ट आत खोचला, हळू बोललं, की माणूस जंटलमन. सकवारबाईंचं तसं नाही. खोली मागायला आलेल्या माणसाला त्या आधी जेवायला बसवतात. तंजावरच्या आमच्या मराठी घरांतला जुना रिवाज असा, की पंगतीतलं शेवटचं माणूस जेवेपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. उठला तो बेअदब. आणि बाईंना कवळी, त्यामुळे त्यांचं जेवण संपता संपत नाही. समोरच्याचा हात वाळून कडकडीत होतो. कुणी घड्याळ पाहतं, कुणी डाव्या हातानं मोबाइल चाळतं, कुणी सरळ उठून नळावर जातं. बाई गोड हसून सांगतात, "खोली दिली, अप्पा." झालं, त्याचा पत्ता कट!

"असा कुठे भाडेकरू मिळतो का?" मी एकदा चिडून म्हणालो.

"व्यंकटेशा, आमचे हे रोज माझ्यासाठी बसायचे," त्या म्हणाल्या. "अस्के लोक, सगळे सगळे म्हणायचे, सकवारचा नवरा म्हणजे जंटलमन."

पण खोली रिकामी राहिली आणि बेंगळुरूला राहणारा त्यांचा मुलगा, राघोत्तम, अडून बसला. आई एवढ्या घरात एकटी नको. पोंगलपर्यंत वर कुणी चांगला माणूस आला नाही, तर घराला कुलूप आणि आई बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये. या घराशिवाय बाई माझ्या डोळ्यांपुढे येईनात. म्हातारीनं दुपारभर तिथल्या बाल्कनीत बसून काय करायचं?

मग देवासारखा रणवीर आला. बँकेत अधिकारी. बाई जेवत होत्या तोवर मांडी न हलवता बसला, मोबाइल खिशातच. "सावकाश होऊ द्या," असंही वर म्हणाला. राघोत्तमनं फोनवर त्याच्याशी इंग्रजीत गप्पा मारल्या आणि खूश झाला. सोमवारी सामान घेऊन येतो म्हणून रणवीर गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी फाटकाशी एक मुलगी उभी. रम्या. कुंभकोणमच्या आपल्याच लोकांतली, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनावर. गाडी रात्री-अपरात्री एग्मोरला पोचते आणि लेडीज हॉस्टेलचं फाटक तर नऊला बंद. मग पहाटेपर्यंत स्टेशनवरच बसून राहायचं.

"पाटी वाचलीस न्हवे?" बाई म्हणाल्या.

"वाचली, आजी. तरी विचारून बघते म्हटलं."

"खोली दिली, अम्मा." या वेळी ते खरंच होतं. "पण जेवायची वेळ आहे. जेवून जा."

आम्ही तिघं पानावर बसलो. भात, आंबट वरण, डांगर पचडी. नेहमीप्रमाणे वाढणाऱ्याही बाईच. हात धुवायचा, वाढायचं, पुन्हा पाटावर बसायचं. वरण संपलं, बाई उठल्या. पापड राहिला, बाई उठल्या. त्यांच्या पानावरचा भात निवून गेला. मग माझ्या पानाला ताक हवं होतं. बाईंनी भिंतीला हात टेकला आणि गुडघे सावरत उठू लागल्या.

तेवढ्यात रम्याच उठली. नळावर हात धुतला आणि स्वयंपाकघरातून ताकाचं भांडं घेऊन आली.

"अय्यो! पानावरून उठलीस?" बाई ओरडल्या. "पंगतीतून असं उठतात काय?"

"तुम्हीच तर सारख्या उठताय, आजी," रम्या म्हणाली. "गुडघे दुखतात तुमचे. बसा. मी वाढते, मग परत बसते."

तिनं मला ताक वाढलं. बाईंच्या पानावर वाफाळता भात घातला, वर वरण ओतलं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या खाली मान घालून जेवत होत्या. मला रम्याचं कौतुक वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. बसून राहण्यात मी पटाईत.

जेवण झाल्यावर बाईंनी मला राघोत्तमला स्पीकरवर फोन लावायला सांगितला.

"रणवीरला नको म्हणून सांग. वर रम्या राहील."

तिकडून आरडाओरडा. मुलगी? रात्री-बेरात्री येणार? आई, तूच ना इतके दिवस जंटलमन शोधत होतीस? इतका चांगला माणूस हातचा घालवतेस?

"चांगला आहेच तो. तुझे अप्पाही चांगले होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "जन्मभर माझ्यासाठी पानावर बसून राहिले. उठले मात्र कधी नाहीत."

राघोत्तमनं हळूच विचारलं, "आई, झालं काय?"

"काय व्हायचंय?" बाई म्हणाल्या. "आज मी गरम भात जेवले, रे."