जानेवारीच्या यादीत माझं नाव नव्हतं

"तुला कसली घाई गं? एप्रिलला दे की. तुमच्या लोकांना कमी मार्कांवर सीट मिळतेच. जानेवारीत बसून क्लासचा निकाल कशाला पाडतेस?"

सोलापुरातला क्लास, माझं बारावीचं वर्ष. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते; तिला जानेवारीत कोण बसणार, त्याची यादी सर वाचत होते. माझं नाव आलं नाही म्हणून मी उठून विचारलं. त्यावर पन्नास पोरांसमोर हे उत्तर. वर्ग खदाखदा हसला. मीपण हसले. हसले! त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

घाई होतीच. पुण्याच्या एका कॉलेजात फी माफीच्या जागा लवकर अर्ज करणाऱ्यांनाच मिळतात. अर्ज मार्चमध्ये बंद. जानेवारीचे मार्क असले तरच भरता येणार. एप्रिलची वाट बघितली की जागा गेली. आणि फी भरून शिकायची आमची ऐपत नाही.

सरांशी बोलायला मी सांगोल्याहून अण्णांना बोलावलं. अण्णा म्हणजे माझा बाप, डाळिंबाच्या बागेत रोजानं जातो. सरांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. अण्णांनी हात जोडले.

"सर म्हणत्याल तसं. आमाला काय कळतंय?"

लई चीड आली. सरांची आली, बापाची त्याहून जास्त आली.

आमच्या क्लासची रीतच अशी, की सगळ्यांचे फॉर्म क्लास भरणार. आधार, जातीचा दाखला, सगळं पहिल्याच दिवशी काउंटरच्या कपाटात जमा. आम्ही खुळ्यागत अस्सल कागद देऊन मोकळे झालो होतो. मग काय, कुणी कधी परीक्षा द्यायची ते सर ठरवणार. बंगल्यातल्या पोरांना जानेवारी आणि एप्रिल दोन्ही. आम्हा वस्तीतल्यांना नुसता एप्रिल.

जानेवारीच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मी काउंटरवर गेले. "माझी फाईल द्या."

सर केबिनमधून बाहेर आले. "फाईल कशाला?"

"फॉर्म भरायचाय."

"आपटलीस की रडत येशील माझ्याकडंच."

मी हात पुढं केला. "न्हाय येणार. परीक्षा माझी हाय, कागद माझे हायत. फाईल द्या."

मी जागची हलले नाही. मागं फी भरायला आलेले आईबाप थांबून बघायला लागले. तेव्हा कुठं सरांनी फाईल काढली आणि काउंटरवर आपटली. दाखला खाली पडला. एकानंही वाकून दिला नाही. मी उचलला आणि नेट कॅफेत बसून माझा फॉर्म मीच भरला.

मार्क चांगले पडले. अर्ज गेला. जागेचं अजून काही कळलं नाही.

काल क्लासमधून फोन आला. "अगं, चौकात फ्लेक्स लावायचाय. फोटो पाठव ना. सर म्हणतात, ही आपली मुलगी."

आपली मुलगी! थू!

मी म्हटलं, "सरांना सांगा, फोटो मिळणार न्हाय. तरी लावलात, तर भर चौकात मी तो माझ्या हातानं टराटरा फाडणार."