खाकी सदरा आणि टोपी

हसायचंच असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, नाहीतर चहा नाकातून येईल. माझ्यासारखी शहाणी, मॅट्रिक पास, दोन ओळींचं इंग्रजीही वाचणारी बाई जेव्हा माती खाते ना, तेव्हा मूठभर खात नाही. टोपलीभर खाते!

झालं असं, की बाळ जेमतेम दोन महिन्यांचं आणि माझं दूध साकळलं. गळू झालं, ताप चढला, शेवटी पुण्याला नेऊन डॉक्टरांनी कापलं. घरी सोडताना म्हणाले, "उशांना टेकून आरामात पडायचं. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. घट्ट चोळी अजिबात नको. पुढून बटणं असलेलं काहीतरी सैल घाला."

पुढून बटणांचं सैल असं आमच्या घरात एकच होतं. ह्यांचा कारखान्याचा खाकी सदरा. ढगळ, मऊ, स्वर्ग! पिंपरीत कारखाना आला तेव्हापासून गावात सगळीकडे हाच रंग दिसतो, पण तो बाईच्या अंगावर बहुधा पहिल्यांदाच चढला असेल.

आता ऑपरेशन कुठे झालं, हे चार लोकांत कसं सांगायचं? आम्ही सांगितलं, खांद्याला गळू झालंय. हे आमचं मॅट्रिकचं सोवळं!

आम्ही शेवंताबाईंच्या घरामागच्या खोल्यांच्या ओळीत राहतो. सगळे भाडेकरू एकाच कारखान्यातले. मी घरी आले आणि बायकांची रांग लागली. विचारपूस कसली हो, परीक्षाच ती! पहिल्या नंबरावर शेजारच्या देशपांडेवहिनी.

"खांदा बघू?"

"नको वहिनी, पट्टी आहे."

"आमच्या नणंदेला अस्संच झालं होतं. हात वाळला तिचा."

म्हणजे बघा, आजाऱ्याला धीर द्यायची काय ही रीत! एक येते, ती हात वाळवते. दुसरी येते, ती म्हणते दृष्ट लागली. तिसरी म्हणते, फार वाचतेस म्हणून. आणि मी मूर्ख, एकेकीचं ऐकून रात्रभर डाव्या हाताची बोटं हलवून बघायची, वाळला की काय!

मग मला ती युक्ती सुचली. अशा युक्त्या शिकलेल्यांनाच सुचतात, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या ओळीत एक रीत आहे. रातपाळी करून आलेला पुरुष झोपला असेल, तर त्या घरात कुणी पाऊल टाकत नाही. पोरं गप्प, भांडी गप्प, बायका चवड्यांवर. घरात मरण झालं तरी आधी खिडकीतून डोकावून बघतील, उठलाय का! ह्यांची तेव्हा खरं तर सकाळपाळी चालू होती. पण ते कोण लक्षात ठेवतंय?

सकाळी शेवंताबाई यायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, माझी वेणी घालायच्या आणि शेतावर जायच्या. त्या गेल्या की मी काय करावं? अंगात सदरा होताच. उजव्या हातानं वेणी गुंडाळून वर ह्यांची कारखान्याची जुनी टोपी चढवली, कमरेपर्यंत गोधडी घेतली आणि उशांना टेकून, खिडकीकडे पाठ करून पडले.

देशपांडेवहिनी आल्या. डोकावल्या. "अगं बाई, भावजी झोपलेत!" आणि पाय न वाजवता परत! काय सांगू, इतकं सुख मला बाळंतपणातही मिळालं नव्हतं. बाळ, मी आणि शांतता. मनात म्हटलं, ह्या अडाणी बायकांना गुंडाळायला कितीसं डोकं लागतं!

आठवडाभर माझं राज्य चाललं. आणि बाहेर काय शिजत होतं? वहिनी आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "साठेभावजी दिवसभर झोपा काढतात." नवरा म्हणाला, "वेडी का काय? तो माझ्या शेजारीच काम करतो." "अहो, ह्या डोळ्यांनी बघितलं!" "मग कामावर कोण येतं? भूत?" हा विनोद पाण्याच्या नळावर गेला, तिथून कारखान्याच्या फाटकावर गेला, आणि टाइमकीपरच्या कानावर पोचेपर्यंत त्याची पक्की बातमी झाली. साठे घरी झोपतो, आणि त्याचा हजेरीचा बिल्ला दुसराच कुणी उचलतो!

तुम्ही हसताय. पण हे तेव्हा नोकरीत कायम झाले नव्हते. असली लबाडी सापडली की त्याच दिवशी घरी. आणि घरी म्हणजे कुठे? खोलीसुद्धा नोकरी आहे म्हणून मिळालेली.

एका दुपारी बाळ रडलं. मी त्याला चांगल्या बाजूला घेतलं, पाठ खिडकीकडे, टोपी डोक्यावर. इतक्यात खिडकीबाहेर टाइमकीपरची सायकल थांबली.

"ए साठे! ऊठ! तिकडे हजेरी लागलीय आणि इकडे घोरतोस?"

वळावं तर ही अशी अवस्था. न वळावं तर ह्यांची नोकरी गेली!

"साठे, तुला सांगतोय! तोंड दाखव!"

मागे बायका गोळा झाल्या. सगळं चिडीचूप. आणि त्या शांततेत आमचं बाळ, बापाच्या नोकरीची काडीचीही पर्वा न करता, चुटूचुटू पीत होतं.

टाइमकीपरचा आवाज एकदम खाली आला. "हे... मूल काय करतंय?"

वहिनी किंचाळल्या, "अगं बाई! भावजी पाजतायत की हो!"

आता मात्र गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि वळले. "हे कामावरच आहेत! मी त्यांची बायको!"

"मग हा सदरा?"

"छातीचं ऑपरेशन झालंय माझ्या! चोळी घालता येत नाही!"

इतक्या मोठ्यांदा ओरडले, की शेजारच्या रहाटणी गावापर्यंत गेलं असेल. जे चार बायकांपासून लपवलं, ते अख्ख्या गावाला ऐकवलं. टाइमकीपरनं मान जी खाली घातली, ती वर केलीच नाही. "साठेला... चांगलं काम करतो म्हणावं," एवढं पुटपुटला आणि सायकलवर बसायचं विसरून ती हातात धरूनच पळाला.

बायकांना सारून शेवंताबाई आत आल्या. शेतावरून तशाच, हातात विळा. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"छातीचं व्हय? ते आमाला पयल्या दिशीच ठावं हाय. तुझ्या न्हवऱ्यानंच रजा मागताना समद्यांम्होरं सांगितलंया. तू लाजतीस म्हून आमी खांदा खांदा करत व्हतो."

मी गोधडी आणखी वर, नाकापर्यंत ओढली.

"बरं, सदरा डागदरनं सांगितला, त्ये बी कळलं. पर पोरी," विळ्याच्या टोकानं माझ्या डोक्याकडे दाखवत त्या म्हणाल्या, "टोपी बी डागदरनंच सांगितली का गं?"

मॅट्रिकच्या पेपरात मी एकही प्रश्न कोरा सोडला नव्हता. हा मात्र अजून कोराच आहे.