‘येते’ या शब्दाचा पुरावा

सकाळचे सहा वाजून सात मिनिटं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत ती रोलरच्या तोंडाशी उभी आहे. ओल्या चादरीचा एक कोपरा तिच्या हातात, दुसरा जोडीदारणीच्या. झटका द्यायचा, कड सरळ करायची, रोलरमध्ये सारायची. पलीकडून चादर वाळून, इस्त्री होऊन बाहेर पडते. आज झटका जरा जास्तच बसतोय.

‘‘अगं, चादर आहे ती, तो साहेब नव्हे!’’ जोडीदारीण ओरडली. तिच्या आवाजामुळे सगळे तिला तोफ म्हणतात.

‘‘साहेब असता तर एव्हाना घडी घालून कपाटात ठेवला असता.’’

साहेब म्हणजे परवाना खात्याचा तपासनीस. ती अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन या देशात आली. नवरा इथलाच. गेल्या वर्षी घटस्फोट झाला आणि नवऱ्याच्या आधारावर मिळालेला राहण्याचा परवानाही त्याच्याबरोबर गेला. नवऱ्यावरचा राग तिने केव्हाच धुऊन वाळत घातला. एकाआड एक शनिवारी तो वेळेवर येतो, मुलीला नेतो, वेळेवर आणून सोडतो. हा राग वेगळा आहे.

कायद्यात तिच्यासाठी एकच वाट उरली होती. आठ वर्षांची मुलगी इथली नागरिक. तिच्याबरोबर राहून रोजचा सांभाळ करणाऱ्या परदेशी आईला परवाना मिळतो. नुसतं भेटायला येणाऱ्या आईला मिळत नाही. कोर्टाने ताबा तिलाच दिलेला, पण खात्याची चौकशी वेगळी. तपासनीस शाळेत गेला आणि मुलीशी एकटीशी बोलला. अहवालात ते संभाषण आहे.

‘‘सकाळी आई काय म्हणते?’’

‘‘म्हणते, मी येते.’’

‘‘तेव्हा घरी कोण असतं?’’

‘‘खालची आजी. ती मला दूध देते आणि शाळेत सोडते.’’

खाली शेरा : मूल सकाळी शेजारणीच्या ताब्यात असते. आई अधूनमधून येते.

मुलीने आईचं मराठी वाक्य इथल्या भाषेत जसंच्या तसं उतरवलं होतं. सव्वापाचला दार ओढताना आई म्हणते, ‘‘येते गं.’’ मुलगी झोपेतच म्हणते, ‘‘ये.’’ दुपारी तीनला शाळेच्या फाटकावर आईच उभी असते. पण ते कुणी विचारलं नाही. ध चा मा करायला एवढं पुरलं. ‘अधूनमधून’ हा शब्द तर मुलीच्या उत्तरात कुठेच नाही. तो साहेबाने पदरचा घातला.

अर्ज फेटाळला गेला तर महिन्याभरात देश सोडायचा. मुलीला बरोबर न्यायला कोर्टाची आणि बापाची परवानगी लागते. म्हणजे आई तिकडे, मुलगी इकडे.

काल, सोमवारी, ती परवाना खात्याच्या खिडकी क्रमांक चारवर गेली. आतल्या कारकून बाईने तिचं सगळं ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे तुम्ही जाता, आणि म्हणता येते?’’

‘‘हो.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज.’’

‘‘मग सरळ ‘जाते’ का नाही म्हणत?’’

‘‘आमच्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, बाई. परत न येणाऱ्यानं म्हणायचा शब्द आहे तो. तुमच्या खात्याला तोच हवा असेल तर तसं सांगा.’’

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कारकून बाई हसली नाही. तिने एक कागद सरकवला : अधिकृत भाषांतरकाराचं प्रमाणपत्र आणा, ‘येते’ म्हणजे ‘जाते’.

मराठीचे अधिकृत भाषांतरकार या शहरात एकच. निवृत्त शिक्षक, सगळ्यांचे काका. कागद वाचून त्यांचा चष्मा कपाळावर चढला.

‘‘येते म्हणजे जाते? असं लिहून दिलं तर उद्या यांना आपली सगळीच कागदपत्रं उलटी वाचावी लागतील.’’

‘‘काका, मला चेष्टा सुचत नाहीये.’’

‘‘मलाही नाही गं. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं, आता त्याची शपथ घ्यायची.’’ त्यांनी लिहिलं : हा निरोपाचा शब्द आहे. ज्या घरातून निघतो त्याच घरी परतणार, हे सांगण्यासाठी तो म्हणतात. सही केली, शिक्का दोनदा मारला. पहिला पुसट उमटला होता.

आज, मंगळवारी, खिडकी चारने प्रमाणपत्र घेतलं आणि तपासणी पुन्हा करायचं ठरवलं. बुधवारी पहाटे, घरी. चूक झाली असं कुणी म्हणालं नाही. ‘गैरसमज दूर करण्याची संधी’ असं पत्रात आहे. गैरसमज कुणाचा, ते नाही.

संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरात मुलगी टेबलाशी गणितं सोडवत होती. पेन्सिल थांबली.

‘‘आई, माझं चुकलं का?’’

‘‘नाही. ज्याला विचारायला तोंड होतं, त्याला ऐकायला कान नव्हते.’’

‘‘मग उद्या मी काय म्हणू?’’

‘‘रोज म्हणतेस तेच.’’

‘‘पण मी तर झोपलेली असते!’’

‘‘मग झोपेतच म्हण.’’

खालची आजी पायऱ्या चढून आली. नावाला शेजारीण, पण गेले वर्षभर रोज पहाटे पाचला ती वर येते. ‘‘त्या माणसाला मी चहा द्यायचा का?’’ तिने विचारलं.

‘‘द्या की. पण गरम द्या. घाईत प्यायला तर जीभ भाजेल, मग काही दिवस लिहिताना तरी विचार करेल.’’

‘‘तो जिभेने लिहितो?’’ मुलगी म्हणाली.

आजी हसली. आई हसली नाही. तिने कामाचा कोट दारामागच्या खुंटीला लावला आणि खिशात बसचा पास घातला.

तपासनीस उद्या पाच वाजून पाच मिनिटांनी येणार आहे. सव्वापाचला ती दार ओढेल. बस पाच पंचविसाला आहे, रोलर सहाला सुरू होतो.