हरळीवाले मामा

हरळीवर पोटच्या पोरीसारखी माया करणारा माणूस आख्ख्या जालना जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. बाकीचा जिल्हा हरळी उपटण्यात जन्म घालवतो. मामांनी मात्र हैदराबादच्या नोकरीत गोल्फचा नाद लावून घेतला आणि निवृत्त झाल्यावर अंबड रस्त्यालगतच्या आपल्या माळावर चार भोकांचं मैदान केलं. मैदानात सगळे धोंडेच. पण प्रत्येक भोकाभोवती बारीक कापलेल्या हरळीचा गोल तुकडा, ज्याला ते ग्रीन म्हणत, असा मऊ की बसायलासुद्धा भीती वाटावी. अंतरवालीचे त्यांचे चुलतभाऊ एकदा बघायला आले आणि कळवळून म्हणाले, "दादा, आम्ही हिला खोदून खोदून मरून राह्यलो, अन् तुम्ही पाणी पाजून राह्यले?" मामांनी त्यांना आधी चपला काढायला लावल्या.

होळी झाली की मामांच्या अंगात यायचं. वेल्डरकडून त्यांनी एक अवजार करून घेतलं होतं, काट्यासारखं, पण दातांच्या जागी पोकळ नळ्या. ते पायानं दाबायचं, उपसलं की मातीच्या कांड्या बाहेर पडायच्या आणि ग्रीनला भोकंच भोकं. माणसांच्या पायांनी जमीन दबते, मुळांना हवा मिळत न्हाई, हे ते दुधवाल्यालाही समजावत. मग त्या भोकांत गोदावरीची बारीक वाळू भरायची. ती चाळायला मामींची पिठाची चाळणी जायची, आणि मामी नवी चाळणी आणून ती माहेरून आलेल्या ट्रंकेत लपवायच्या.

एका वर्षी नवीन जालन्यातल्या डॉक्टरांनी, म्हणजे मामांच्या गोल्फमधल्या जिवलग जोडीदारानं, औरंगाबादच्या खेळाडूंना सामन्याला बोलावलं. तारीख ठरली ऐन होळीनंतरची. डॉक्टर तयारी बघायला आले, तर मामा घामानं निथळत भोकं पाडतायत, मी वाळू ओततोय आणि ग्रीनच्या अंगावर देवीचे फोड आल्यासारखं दिसतंय. सामना होऊ द्या, मग पाडा, असं डॉक्टरांनी परोपरीनं विनवलं. पण मुळं जागी होण्याचे दिवस हेच, असं मामांचं म्हणणं.

"पाहुणे एका दिवसाचे हायेत, डॉक्टर. मुळ्या बारा महिने हितंच राह्यतात."

पाहुणे आले. चेंडू वाळूवर बेडकासारखे उड्या मारू लागले. डॉक्टरांचा वीतभर अंतरावरचा चेंडू भोकाला वळसा घालून गेला, आणि पाहुणे पोट धरून हसले. डॉक्टर हसले न्हाईत. त्यांनी येणंच बंद केलं.

 मामा तरी पहाटे पाणी देत राहिले. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास वाळू दिसेनाशी झाली आणि हरळी अशी दाट उसळून आली, की मामा मला हात धरून पळवत घेऊन गेले. स्कूटर काढायला लावली. डॉक्टरांच्या दवाखान्यात ते रोग्यांच्या रांगेत बसले, नंबर आल्यावर आत गेले आणि काय होतंय असं विचारल्यावर म्हणाले, "मला काय न्हाई झालं. तुम्ही चला."

डॉक्टर आले, तोंड वाकडं करूनच. मामांनी त्यांच्या हातात काठी दिली. चेंडू निघाला, आवाजसुद्धा न करता सरकत गेला आणि भोकात पडला. डॉक्टरांनी पुन्हा मारला. पुन्हा. दोन्ही म्हातारे अनवाणी, लहान पोरांसारखे ओरडत होते. अंधारात चेंडू दिसेनासा झाला तेव्हाच ते थांबले. माफी कुणीच मागितली न्हाई.

पुढं मामांचे गुडघे गेले. शेवटच्या वसंतात अवजारावर पाय देत होते डॉक्टर, आणि मामा ग्रीनच्या कडेला खुर्ची टाकून, डोळे मिटून बसले होते. झोपले असतील म्हणून मी हाक मारली.

"झोपलो न्हाई," ते हळूच म्हणाले. "माती सुटल्याचा आवाज ऐकून राह्यलो."

मग डॉक्टरांनी पुन्हा अवजारावर पाय दिला, आणि बराच वेळ माळावर तेवढा एकच आवाज येत राहिला.