चौथीतली सगळ्यात मोठी पोर

गुरुजींनी मला उभं केलं. बसकरावर डाग पडला होता. माझ्या परकरावरही. वर्गात सगळी नऊ-नऊ वर्षांची पोरं. कुणी म्हणालं, हिला लागलं. कुणी हसलं. मला वाटलं, आपण आता मरणार.

गुरुजी खिडकीकडे बघत म्हणाले, "बसकर घरी घेऊन जा. परत आणू नको. आणि तूही येऊ नको."

मी तेरा वर्षांची होते. चौथीत.

आमचं गाव एरंडोलपासून तीन कोसांवर. नाना गावातले मोठे शेतकरी; माय त्यांच्या शेतात कापूस वेचायची. माझ्या कडेवर आधी भाऊ होता, तो उतरला तशी बहीण आली. दर जूनमध्ये पोरं शाळेत जाताना दिसायची आणि माय म्हणायची, "तू गयी त यासले कोन सांभाळी?" असं करत मी नऊ वर्षांची झाले. मग एकदा शाळेचा पट कमी पडला. गुरुजी स्वतः झोपडीवर आले. कागदावर जन्मतारीख एक जून लिहून त्यांनी मला सहा वर्षांची केली. मायनं अंगठा दिला.

पहिलीत मी पोरांच्या खांद्यावरून फळा बघायची. घोडी म्हणायचे मला. बारक्यांची नाकं पुसायला मी, उलटी केली तर राख टाकायला मी. माझ्या वयाच्या पोरी चौथीत होत्या. त्या मला ओळख द्यायच्या नाहीत. तरी मला पाढे यायचे. वाचता यायचं. रस्त्यावरच्या एस.टी.ची पाटीसुद्धा मी सोडायची नाही.

त्या संध्याकाळी नाना आमच्या दारात आले. शाळेच्या समितीचे तेच अध्यक्ष, आणि त्यांची नात माझ्या पुढच्या रांगेत बसायची. बसले नाहीत. उभ्यानंच मायला म्हणाले, "शाळा पोरंसोरंसनी शे. हाई त लगीननी पोर शे. आमन्या पोरीसमा नको."

माय पदर सावरत मान हलवत राहिली. मी घराच्या मागे, बाजूला बसलेली. सगळं ऐकू आलं: मी लग्नाची पोर, त्यांच्या पोरींत नको. डागाची लाज वाटत होती, ती तिथंच कुठंतरी गेली. अंगात नुसती आग. बसवेना, उठवेना. ते चार दिवस मी काडीनं मातीत लिहीत होते. पुसत होते. पुन्हा लिहीत होते.

पाचव्या दिवशी न्हाले. सहाव्या दिवशी शाळेत जाऊन उभी राहिले.

गुरुजी म्हणाले, नाव कमी केलंय. मी विचारलं, का? म्हणाले, वय जास्त आहे.

मी हजेरीच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. आणि म्हटलं,

"हजेरीत माझं वय नऊ आहे, गुरुजी. तुम्हीच लिहिलंय. तपासणीला साहेब आले की त्यांना कोणतं वय सांगू?"

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला.  त्यांनी बोटानं मागची भिंत दाखवली. बसकर दिलं नाही. मी फरशीवर बसले.

नानांच्या नातीला माझ्यापासून लांबच्या रांगेत हलवलं. हजेरीत गुरुजी माझं नाव गाळून पुढे जायचे. मी गाळलेल्या जागी उभी राहून "हजर" म्हणायची. नऊ दिवस. दहाव्या दिवशी त्यांनी नाव घेतलं.

नानांनी मायचं काम बंद केलं. माय मला बोलली, रडली, एकदा मारलंही. मग पहाटे उठून पलीकडच्या गावात वेचणीला जायला लागली. मला शाळा सोड म्हणाली नाही. म्हणाली असती तरी मी सोडली नसती.

त्या उन्हाळ्यात धुळ्याकडचे पाहुणे मला बघायला आले. कामासाठी बाहेरगावी असणारा बाप तेव्हा घरी आला होता; त्यांनी त्याला माझं वय विचारलं. बाप चाचरला. मीच पुढे झाले. म्हटलं, तेरा पुरं शे. पाचवीमा जाणार शे. दहावी होईपर्यंत कोणी येऊ नका.

पाहुणे चहा न पिता उठले. बाप हात उगारून आला. मी जागची हलले नाही.

मला उशीर झाला होता. तो मी केलेला नव्हता. आता यापुढे कुणासाठी एक दिवसही थांबायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं. दहावीला बसले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वर्गात सगळ्यात मोठी. सगळ्यात पुढच्या बाकावर.